एका खांबावरच्या दोन बोटी

९ मे

आज परत लाइट गेली आणि या वेळी ती मीच घालवली. हीटर चालू होता, गीझर चालू होता, त्यात चहासाठी केटल लावली. खट् झालं आणि सगळी ऑलिव्ह अंधारात. नुसती माझी बोट असती तर मुकाट्याने मेणबत्ती लावून बसले असते. पण धक्क्यावरच्या ज्या खांबातून माझी वायर येते त्याच खांबातून शेजारच्या पिपी नावाच्या बोटीचीही जाते. सॉकेटं दोन, मागचा खटका एकच. केटल माझी आणि अंधार पिपीवरच्या आल्बीलाही.

रेनकोट चढवून खाली उतरले तर आल्बी आधीच खांबापाशी उभा, कपाळाला टॉर्च बांधून.

"काय बाईसाहेब, आज जेवणावळ आहे का?"

"चहा ठेवला होता."

"नुसता चहा? मला वाटलं बेकरी काढलीस."

त्याने खटका वर केला आणि पावसातून तसाच आपल्या बोटीत शिरला. सगळी उमर शिंपल्यांच्या होड्यांवर गेलेली, आता एवढ्याशा लाकडी बोटीत एकटाच राहतो. आम्ही त्याच्या शेजारी येऊन बोट बांधली ती डिसेंबरात, ऐन उन्हाळ्यात. एरवी हिवाळा आला की माझा नवरा लिंडसे आणि मी बोट घेऊन उत्तरेला उन्हात जायचो. यंदा त्याला हा धक्का आवडला. म्हणाला, एक हिवाळा टास्मानियातच काढू, डोंगरावरचा बर्फ बघत चहा पिऊ. फेब्रुवारीत तो गेला. हिवाळा राहिला माझ्या वाट्याला.

ब्रिस्बेनला लेकीच्या, ब्रॉन्विनच्या परसात माझ्यासाठी एक खोली रिकामी आहे. चांगली आहे, खिडकीतून आंब्याचं झाड दिसतं. मला तिथे जायचं नाही. लेकीला हे सांगताना मी गुळमुळीत बोलते, म्हणून इथे सरळ लिहून ठेवते.

१२ मे

दर हिवाळ्याआधी वायर तपासून तिच्यावर चिठ्ठी लावून घेतल्याशिवाय ट्रूडी कुणाला खांब वापरू देत नाही. धक्क्याची सगळी व्यवस्था तिच्या हातात, आणि नियमाला ती पक्की. आज वायरमन आला. आमचा प्लग हातात घेतला आणि हसायलाच लागला. अर्थिंगची रुंद पिन कानशीने घासून बारीक केलेली. बोटीचा प्लग घरातल्या साध्या सॉकेटात बसत नाही, म्हणून लिंडसेने भावाच्या शेडमध्ये बसून हा उद्योग केला असणार. वायरमन म्हणाला, प्रत्येक शेडमध्ये असा एक प्लग सापडतो आणि प्रत्येक नवऱ्याला वाटतं, ही युक्ती आपल्यालाच सुचली. मग हसणं थांबवून म्हणाला, "हा पावसात हातात धरला असतात ना, तर मी आज वेगळ्या कामाला आलो असतो."

मी इतकी चिडले, इतकी चिडले, की वळून लिंडसेला हाकच मारणार होते. मग आठवलं.

नवा प्लग माझ्यासमोर बसवून घेतला. कुठली वायर कुठे जाते ते विचारून घेतलं. आजपासून या बोटीतली वीज माझी. लिंडसेला विचारते, हे म्हणायची सोय संपली.

१७ मे

काल संध्याकाळी परत गेली. मी केक भाजत नव्हते, काही नाही. माझा हीटर, आल्बीचा हीटर आणि माझा बॅटरीचा चार्जर, एवढ्यानेच. आम्ही दोघंही गावात गेलो होतो, रात्री उशिरापर्यंत खटका वर करायला कुणी नव्हतं. त्याच ओळीवर ट्रूडीचा मासेमारीचं आमिष ठेवायचा फ्रीझर आहे, तो पण बंद पडला. सकाळी उघडला तर सगळं आमिष वितळून वास मारत होतं.

ट्रूडी ओरडली नाही. ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

"ग्लेनिस, मला वाईट वाटतंय. पण या खांबावर दोन बिऱ्हाडं झेपत नाहीत असं दिसतंय. परत असं झालं तर एका बोटीला खाडीतल्या तरंगत्या बोयाला बांधून राहावं लागेल. शेवटी जो आला, तो आधी जाणार. हा इथला रिवाज आहे, मी नाही केलेला."

खाडीत बोयाला बांधलं की वीज नाही, हीटर नाही, किनाऱ्यावर यायला छोटी होडी वल्हवायची. जुलैत, माझ्या गुडघ्यांनी. म्हणजे सरळ ब्रिस्बेन. नवीन खांब कधी येणार, विचारलं. उन्हाळ्यात, म्हणाली.

१९ मे

दोन दिवस कागद घेऊन बसले होते. आधी घाबरले होते, मग हळूहळू लक्षात आलं की हे काम मी जन्मभर केलंय. इस्पितळाच्या स्वयंपाकघरात चुली मोजक्या आणि तोंडं भरमसाट. सगळं एकदम चढवता येत नाही. सूप उतरल्याशिवाय बटाटे चढत नाहीत, आणि भट्टी मिळायची तेव्हा ती रिकामी ठेवायची नाही. विजेचंही तेच. खांबाला मिळून वीस अँपिअर. माझा हीटर दहा खातो, केटल नऊ, गीझर पाच, चार्जर दोन. रात्री गादीवरची विजेची चादर जवळजवळ काहीच खात नाही, बिचारी. गीझर पहाटे, हीटर बंद असताना. केटलच्या वेळी हीटर बंद. सगळं छान जुळत होतं, फक्त आल्बीचा हीटर किती खातो हे माहीत नव्हतं.

कागद घेऊन त्याच्याकडे गेले. त्याने चष्मा लावून पुष्कळ वेळ वाचलं.

"ट्रूडी नक्की काय म्हणाली?"

सांगितलं.

"शेवटी आला तो आधी जाणार?"

"हो. म्हणजे मी."

त्याने कागदावर बोट फिरवलं, ओठ हलवत बेरीज केली. मग चष्मा काढला. "माझा हीटर आठ खातो, पण तो यात धरूच नकोस. माझ्याकडे लाकडाची शेगडी आहे. ती दुरुस्तीला काढली होती म्हणून एवढे दिवस हीटर लावला. आता झाली ती."

"नक्की?"

"लाकडाची ऊब वेगळीच असते, ग्लेनिस. विजेचा हीटर म्हणजे इस्त्रीपाशी बसल्यासारखं."

आठ अँपिअर एका वाक्यात मोकळे झाले. घरी येऊन मी लिंडसेच्या फोटोसमोर कागद नाचवला.

२ जून

लाइट गेलेली नाही. एकदाही नाही. आज मुद्दाम हीटर अर्ध्यावर ठेवून केटल लावली आणि श्वास रोखून बसले. चहा झाला, बिस्किटं खाल्ली, काही झालं नाही. ट्रूडी धक्क्यावरून जाताना म्हणाली, काय जादू केलीस? मी म्हटलं, जादू नाही, नियोजन. जरा तोऱ्यातच म्हटलं.

११ जून

सकाळी धक्क्यावर दहिवर गोठून पांढरं झालं होतं. घसरत घसरत ट्रूडीच्या ऑफिसपर्यंत गेले आणि आले. थंडीत बोटीचं एक दुखणं म्हणजे आतल्या उबेने काचांना सुटणारं पाणी. रोज सकाळी फडकं घेऊन पुसते, तरी ओघळतंच. पलीकडे डच जोडप्याच्या बोटीला तेच. आल्बीच्या खिडक्या मात्र कोरड्या ठणठणीत. त्याच्या धुराड्यातून धूरही दिसत नाही. लिंडसे म्हणायचा, मुरलेलं लाकूड असेल तर धूर होत नाही. म्हातारा लाकूड कुठून आणतो ते विचारायला हवं.

काचांचं विचारलं. म्हणाला, "हवा खेळती ठेवायची." मीही आज झडप उघडी ठेवून बघितली. नाक गारठलं, पाणी सुटायचं ते सुटलंच.

संध्याकाळी तो पत्ते खेळायला आला. हल्ली रोजच येतो. हीटरला पाठ लावून बसतो आणि भोपळ्याचं सूप दोनदा मागून घेतो. मी जांभया द्यायला लागले तरी उठत नाही, अजून एक डाव म्हणतो. एकटा माणूस गप्पांना हपापलेला असतो. मला आपलं बरं वाटतं, माझ्यामुळे कुणाची तरी संध्याकाळ जाते.

२३ जून

पिपीवर ताजे भाजलेले स्कोन घेऊन गेले. दार उघडायला वेळ लावला. अंगात जाड कोट, डोक्याला लोकरीची टोपी, हातात मोजे. मी म्हटलं, निघालास कुठे? म्हणाला, हो हो, निघालोच होतो. आणि खरंच माझ्याबरोबर धक्क्यावर आला, टोकापर्यंत गेला आणि उभा राहिला. ह्या वयात माणसं जरा विचित्र होतात.

आत बोलावलं नाही हे मला थोडं लागलं.

६ जुलै

ब्रॉन्विन आली आणि गेली. दोन रात्री राहिली. मला माहीत होतं ती कशाला आलीय. आईला थंडी वाजतेय, आई खंगलीय, असं काही दिसलं की तिकीट काढून मोकळी. मी तिला पहिल्या दिवसापासून जिंकलं. बोट उबदार, आंघोळीला गरम पाणी, ओव्हनमध्ये शिंपल्यांचं सारण भरलेली पेस्ट्री. तिने स्वेटरसुद्धा काढून ठेवला. जायच्या आधी म्हणाली, "आई, मी तुला न्यायचं ठरवून आले होते. पण तू इथे बरी आहेस. माझ्यापेक्षा बरी आहेस." मग रडली, बापाच्या आठवणीने. मी पण.

आल्बीने तिच्यासाठी फ्लॅटहेड मासे साफ करून आणले होते. त्याच्याशी हात मिळवल्यावर ती मला नंतर म्हणते, केवढे गार हात गं त्या आजोबांचे. म्हटलं, मासे पकडणाऱ्यांचे हात असेच असतात.

तो माझ्या लेकीशी पाहुण्यासारखा अदबीने बोलला. निघताना मला हळूच विचारलं, "काय, राहतेस ना?" मी मान डोलावली. एवढा खूश झाला की मला नवल वाटलं.

१५ जुलै

आल्बी दोन संध्याकाळी आला नाही. मला वाटलं रुसला असेल, त्याआधी मी त्याला पत्त्यांत फार चिडवलं होतं. आज सकाळी त्याचा खोकला माझ्या बोटीत ऐकू आला. जाऊन दार ठोठावलं. दारात आला तेव्हा ओठ निळसर. उभं राहता येईना. ट्रूडीच्या गाडीतून दवाखान्यात नेलं, तिथून रुग्णवाहिकेने होबार्टला. न्यूमोनिया. डॉक्टरांनी विचारलं, घरात ऊब आहे ना? मी ठासून सांगितलं, लाकडाची शेगडी आहे. आल्बीने डोळे मिटून घेतले. मला वाटलं झोप लागली.

किल्ली माझ्याकडे दिलीय. त्याचे पायमोजे आणि दाढीचं सामान न्यायचंय.

१६ जुलै

पिपीवर गेले. आत बाहेरच्यापेक्षा गार. अंथरुणावर कोट, त्यावर शीड, त्यावर जुनी रजई. म्हटलं, शेगडी पेटवून ठेवावी, बोट जरा शेकून निघेल, ओल जाईल. शेगडीचं दार उघडलं.

आत कांदे होते. नीट रचून ठेवलेले, खाली वर्तमानपत्र. मागून वाकून बघितलं तर धुराड्याचा नळ छपरापर्यंत पोचतच नव्हता. गंजून मधूनच गळलेला.

हीटर टेबलाखाली होता, वायर गुंडाळून दोरीने बांधलेली.

मी तिथेच त्याच्या अंथरुणावर बसले. कोरड्या काचा, नसलेला धूर, तो कोट. सगळं दिसत होतं मला, रोज दिसत होतं, आणि मी इथे कौतुकाने लिहून ठेवत होते. माझं नियोजन. त्यात काही नव्हतं. एक म्हातारा शेजारी गारठून बसला होता, म्हणून माझी केटल चालत होती. पायमोजे घ्यायला गेले होते ते विसरूनच आले, परत जावं लागलं.

१७ जुलै

होबार्टला गेले. नाकाला नळी, पण चेहऱ्यावर रंग आलाय. जाताना बसमध्ये मी काय काय बोलायचं ते ठरवलं होतं, त्यातलं काहीच आलं नाही.

"शेगडीत कांदे का ठेवलेत?"

"कोरडी जागा आहे."

"धुराडं कधी गेलं?"

"झाली दोनेक वर्षं."

"मला सांगता येत नव्हतं तुला?"

"सांगितलं असतं तर काय केलं असतंस?"

"हीटर निम्मा केला असता."

"मग तुझी पोरगी आली असती, तुला दोन स्वेटर घालून कुडकुडताना बघितलं असतं, आणि बखोटीला धरून घेऊन गेली असती." त्याला धाप लागली, मी पाणी दिलं. "पहिला हिवाळा कठीण. तो निघाला ना, की माणूस टिकतो. तुझा निघेपर्यंत चालवून घेऊ म्हटलं."

"आणि तुझा?"

"माझे खूप निघालेत."

मी त्याला मूर्ख म्हटलं. मोठ्याने म्हटलं, नर्स येऊन बघून गेली. मग म्हटलं, सुटलास की माझ्या बोटीवर पुढच्या केबिनमध्ये राहायचं. तर हा भिंतीकडे तोंड करून म्हणतो, "मी कुणाच्या बोटीवर राहत नाही. आपली बोट सोडून निजलो की मी मेलोच समज." त्यावर वाद घालण्यात अर्थ नव्हता. शिंपल्यांच्या होडीवरचा माणूस आहे, एकदा ठरलं की ठरलं.

१९ जुलै

ट्रूडीला जाऊन सगळं खरं सांगितलं. म्हटलं, तुझ्या रिवाजाप्रमाणे मी जाते बोयाला. आल्बीला त्याची वीज परत मिळू दे.

ट्रूडीने खुर्ची ओढली. "बस आधी. मला फक्त खटका पडायला नकोय. खांबावर एक हीटर चालतो, दोन चालत नाहीत. तो एक हीटर कुणाच्या बोटीत आहे आणि त्याच्याभोवती किती माणसं बसलीयेत, हे बघायला मी येत नाही."

परत येऊन कागद काढला. जुन्या योजनेवर काट मारली. सुरुवातीपासून चुकलं होतं ते एवढंच, की मी माझ्या बोटीची योजना केली होती. खांब मात्र दोघांचा.

२८ जुलै

आल्बी घरी आला. त्याच्या आधी दोन तास मी पिपीवर त्याचा हीटर लावून ठेवला होता, माझा बंद. पिपी आहे केवढीशी. आठ अँपिअरमध्ये अशी तापते की ऑलिव्हला दहात जमत नाही. सगळ्या धक्क्यात तीच उबवायला सोपी, आणि ती आम्ही गार ठेवली होती.

तो अंथरुणावर टेकला, आजूबाजूला बघितलं.

"तुझा हीटर?"

"बंद."

"मग तू?"

"मी इथे बसणार. दिवसभर. रात्री गादीवरची चादर पुरते मला, ती काही खात नाही. कोपरा दे एक, विणकाम ठेवायला."

"मी कुणाच्या—"

"मी तुला माझ्याकडे राहायला बोलावत नाहीये. माझ्याकडे गार आहे, आल्बी. मी तुझ्याकडे ऊब मागायला आलेय. घालवून देणार असशील तर सांग."

तो सरकला आणि टेबलावरची जाळी उचलून माझ्यासाठी जागा केली.

३ ऑगस्ट

खोकला कमी. बाहेर गार वारा सुटलाय, दक्षिणेकडून. पिपीवर मात्र एवढं उकडतं की त्याने आज झडप उघडली. चहा तोच करतो, हीटर बंद करून, मला हात लावू देत नाही. डच बाई डोकावली तर तिला म्हणे, "बघा हो, ही बाई सकाळी येते ती जातच नाही." बाजूला मुरांबा आणि ब्रेड मांडत होता.

मला घरी परतताना रात्री पाय जड होतात हे खरं आहे. ऑलिव्हमध्ये श्वासाची वाफ दिसते. चादरीत शिरेपर्यंत दात वाजतात. लिंडसे असता तर म्हणाला असता, उद्योग करून ठेवलास. करून ठेवला.

९ ऑगस्ट

दुपारी ब्रॉन्विनचा फोन. मी पिपीवरच होते. नेहमीचा प्रश्न, "आई, बोट गरम आहे ना?"

म्हटलं, "नाही. बोट गार आहे."

ती घाबरली. मग तिला पहिल्यापासून सगळं सांगितलं. ती आली तेव्हा तिने जी ऊब बघितली ती कुणाची होती ते सांगितलं. आता कसं बसतो, हेही. मला वाटत होतं, आता म्हणेल, बॅग भर.

ती म्हणाली, "त्यांना दे फोन."

आल्बीने फोन कानाला लावला, आधी लांब धरून, मग जवळ धरून. "हो... खातेय, नीट खातेय... मी? मी आता बरा आहे... नाही, नाही, रडू नकोस... बरं. बरं, सांगतो."

फोन माझ्याकडे देऊन तो शेंगा सोलायला बसला. मीच शेवटी विचारलं, काय म्हणाली?

"पुढच्या हिवाळ्यात येणार म्हणाली, चांगली आठवडाभर. मी म्हटलं ये, तुझी आई इथेच असणार आहे."